गावात सगळ्यांना माहीत आहे

२ मार्च, सोमवार

पान चौऱ्याऐंशी! कशाचं पान चौऱ्याऐंशी?

लाचोने आज त्याची टिपणं आणून दिली. प्लास्टिकच्या पिशवीत! त्यात दोन बसची तिकिटं, एक रुमाल, आणि सूर्यफुलाच्या बियांचं रिकामं पाकीट. पाकिटाच्या पाठीवर लिहिलंय — "शिक्षक पाश्कुलेव्हने खबर दिली. पृ. ८४." संपलं. पुस्तकाचं नाव नाही, लेखक नाही, साल नाही.

"अरे, कुठल्या पुस्तकाचं पान?"

"निळं होतं."

"निळं?"

"निळं गं. जाड. कोपरा फाटलेला."

प्लोव्हदिव्हमधल्या समस्त ग्रंथालयांनो, एक निळं, जाड पुस्तक द्या!

वर माझ्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला आणि म्हणे, "रागावू नकोस. वसंत आलाय." वसंत आला असेल. निबंध मेमध्ये द्यायचाय. दोघांच्या नावावर. वर्गातल्या सगळ्या जोड्यांमधून एकच निबंध परिषदेत वाचला जाणार, आणि तो वाचला गेला तर पुढच्या वर्षी सोफियाला शिकायची वाट मोकळी. माझी. लाचोला कुठेच जायचं नाहीये. त्याला दुपारी झोपायचंय.

४ मार्च

बोझिलोवा मॅडमनी पहिला कच्चा मसुदा परत दिला. समासात लाल शाईने एकच शब्द, वरपासून खालपर्यंत — कुठून? कुठून? कुठून?

विषय त्यांना आवडलाय. १९५१चा शरद ऋतू. यासेनित्सा गाव, ग्रीसची सरहद्द डोंगरापलीकडे. केहायोव्ह भाऊ, मिंचो आणि कोल्यो, कम्युनिस्ट राजवटीतून पलीकडे पळून जायला निघालेले. एका गवताच्या कोठारात लपले, कोणीतरी चौकीवर कळवलं, पहाटे शिपाई आले. कोल्यो तुरुंगात गेला. मिंचो कोठारामागच्या उतारावर गोळी लागून मेला. एकोणीस वर्षांचा होता.

"गोष्ट चांगली आहे," मॅडम म्हणाल्या. "पण ही तू मला चहा पिताना सांगतेस तशी लिहिली आहेस. उद्या तू बसखाली आलीस, तर तुझ्या टिपणावरून मला ते नेमकं पान सापडलं पाहिजे. कळलं?"

कळलं. बसखाली यायचं असेल तर आधी टिपणं नीट करा.

५ मार्च

कार्डं आणली. पांढरी — संदर्भाची: लेखक, नाव, साल, कुठल्या ग्रंथालयात, कुठल्या कपाटात. पिवळी — उतारे, अवतरणचिन्हांत, पान नंबरसकट. गुलाबी — माझं स्वतःचं जे काही डोक्यात येईल ते. प्रत्येक पिवळ्यावर त्याच्या पांढऱ्याचा नंबर.

लाचोने ढीग बघितला. "लग्नपत्रिका का गं? कोण आहे तो नशीबवान?"

गाढव.

९ मार्च

लाचोने पानांचे फोटो काढून पाठवले. वरून कापलेले, खालून कापलेले, पान नंबर एकाचाही नाही. मधोमध त्याचा अंगठा मात्र स्वच्छ आलाय. नखातली माती दिसतेय!

१३ मार्च, शुक्रवार

सापडलं! निळं. जाड. कोपरा फाटलेला. देवा, लाचोचं म्हणणं तंतोतंत खरं.

जिल्ह्याचा इतिहास आहे. यासेनित्साच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक हारालाम्पी ग्रोझेव्ह यांनी लिहिलेला, १९९४चा. पान ८४ — "भावांची खबर गावचे शिक्षक तानास पाश्कुलेव्ह यांनी चौकीला दिली." आणि तळटीप! खरीखुरी तळटीप, सोफियाच्या एका अभ्यासकाच्या लेखाची. अशा तळटिपा बघितल्या की मला गरमागरम बानित्सा खाल्ल्यासारखं होतं.

पांढरं कार्ड, पिवळं कार्ड. आज पहिल्यांदा वाटलं, होईल हे.

१८ मार्च

सोफियाच्या माणसाचा लेख मिळाला. १९९२चा. तेच वाक्य, जरा इस्त्री केलेलं. खाली तळटीप — १९९१च्या एका स्थानिक वर्तमानपत्राचा अंक.

म्हणजे त्यानेही कुठूनतरी घेतलंय. ठीक. मी मागे जाईन. हा माझा धर्मच झालाय आता, मागे मागे जाणं. आई फोनवर म्हणाली, "बाकीच्या मुली पुढे जातात."

२६ मार्च

वर्तमानपत्राचा अंक शोधायला आठवडा गेला. वाचनालयातल्या स्तामेनाबाई म्हणतात, तळघरात आहेत. तळघरातले म्हणतात, वर पाठवले. मधल्या मधे मी, जिन्यावर.

शेवटी मिळाला. वाचला. पुन्हा वाचला. मग बाहेर येऊन पायरीवर बसले.

लेखात लिहिलंय — "शिक्षक पाश्कुलेव्ह यांनीच खबर दिली हे गावात सगळ्यांना माहीत आहे, तपशील मुख्याध्यापक ग्रोझेव्ह यांच्या आगामी ग्रंथात येतीलच."

आगामी ग्रंथ! म्हणजे निळं पुस्तक! ग्रोझेव्हनी घेतलं सोफियावाल्याकडून, सोफियावाल्याने घेतलं वर्तमानपत्राकडून, वर्तमानपत्राने घेतलं ग्रोझेव्हकडून. तिघे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून गोल फिरतायत, लग्नातल्या होरो नाचासारखे, आणि मधे कोणीच नाही.

एका माणसाला अर्ध्या शतकाहून जास्त काळ खबऱ्या म्हणतायत. कोणाच्या सांगण्यावरून? एकमेकांच्या!

२७ मार्च

ग्रोझेव्हना फोन केला. आवाज अजून शाळेतलाच, घंटा वाजल्यासारखा.

"सर, पान ८४वर तुम्ही सोफियाच्या लेखाचा हवाला दिलाय."

"दिलाय. अभ्यासू माणूस आहे तो."

"त्यांनी वर्तमानपत्रातून घेतलंय."

"असेल."

"आणि वर्तमानपत्राने तुमच्याकडून घेतलंय, सर."

"म्हणजे बघ, तिघांचंही एकमत आहे!"

मी म्हटलं, सर, पण तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितलं? तर म्हणाले, "मुली, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी तळटिपा देतोय. गावात विचार कोणालाही." आणि फोन ठेवला. मी रिकाम्या रिसिव्हरला "धन्यवाद, सर" म्हटलं. माझं वळणच तसं. चिडले तरी धन्यवाद म्हणते, मग घरी येऊन उशीला बुक्के.

२ एप्रिल

लाचोशी कडाक्याचं भांडण. त्याने मसुद्यात ते वाक्य परत घातलंय. मी काढलं होतं!

"कशाच्या आधारावर?"

"इस्क्रा, गावाला माहीत असतं गं काही काही. माझ्या गावात दूधवाला पाणी घालतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्याला तळटीप लागते का?"

"लागते! निबंधात लिहायचं असेल तर लागते! एखाद्याने प्रयोगशाळेत तपासलं का? कोणी त्याला नळाखाली बादली धरताना पाहिलं का?"

"मी चहा पितो ना ते दूध घालून."

या माणसाशी कोणी वाद घालावा! भिंतीवर मोठा कागद लावून बाण काढून दाखवले. ग्रोझेव्ह, सोफिया, वर्तमानपत्र, परत ग्रोझेव्ह. तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "हे फार भारी आहे. पण यावरून त्याने सांगितलं नाही, असं ठरतं का?"

मी म्हटलं, सिद्ध करायची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते.

"कोर्टात असेल," म्हणाला, आणि माझ्या बरणीतली ल्युतेनित्सा पावावर थापून खायला लागला. आईने माझ्यासाठी पाठवलेली!

८ एप्रिल

अभिलेखागार. चौकीचा अहवाल पाहायला मिळाला, फक्त पेन्सिल घेऊन आत. "स्थानिक रहिवाशाकडून मिळालेल्या माहितीनुसार." नाव नाही. रहिवासी पुरुष की बाई तेही नाही. तेव्हाचं गाव शंभरावर उंबऱ्यांचं. कोणीही असू शकतं.

पांढरं कार्ड केलं. मन हलकं झालं, का ते कळलं नाही. बहुतेक मला तानास पाश्कुलेव्ह आवडायला लागलाय. एक फोटो आहे त्याचा, मुलांच्या घोळक्यात, कोटाची बाही आखूड झालेली. बासष्ट साली वारला. खबरे असे दिसतात का? (गुलाबी कार्ड. गुलाबीच. पिवळ्यात जायला नको.)

१६ एप्रिल, गुरुवार

ईस्टरची साफसफाई. दान्कामावशीने, म्हणजे घरमालकिणीने, मी बाहेर असताना माझी खोली "आवरली". माझी कार्डं! टेबलावर, खाटेवर, जमिनीवर क्रमाने मांडलेली. परत आले तर एकच गठ्ठा, दोरीने बांधलेला, वर फुलीची गाठ.

"रंगाप्रमाणे लावून ठेवलीत हो," मावशी खूश. "पांढरी वेगळी, पिवळी वेगळी. किती पसारा करतेस!"

हसू का रडू. मावशीने लाल रंगाचं अंडं हातात दिलं, तिच्या रंगलेल्या बोटांनी. घेतलं. बसले परत जोडत.

२० एप्रिल

घरी आलेय. कोकराचं मटण. कोणीही मला "निबंध कुठवर आला" विचारू नये.

२१ एप्रिल

सगळ्यांनी विचारलं.

२७ एप्रिल, सोमवार

यासेनित्साला जाऊन आलो. लिहायचं खूप आहे, पाय दुखतायत.

बसमधून उतरल्या उतरल्या लाचो थेट गुत्त्यात. "तू जा चर्चची नोंदवही बघायला, मी लोक बघतो." मी चिडून त्याच्या मागोमाग गेले. तीन म्हातारे, एक रेडिओ, बीन्सचं सूप. लाचोने त्यांच्यात खुर्ची ओढली आणि त्यांच्या गुडघ्यांची चौकशी सुरू केली! अर्धा तास गुडघे. मी टिपणवही उघडून बसलेय, तारीख, वेळ, स्थळ घातलेलं, आणि समोर गुडघे.

मग आपोआप विषय निघाला. "तानास मास्तर? त्यानेच सांगितलं की! कोणालाही विचार."

"तुम्ही पाहिलंत का आजोबा?" मी.

"मी? मी पाळण्यात होतो."

"मग तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आईने."

"तिने पाहिलं होतं?"

म्हाताऱ्याने लाचोकडे बघितलं. "ही पोलिसात आहे का रे?"

दुसरा म्हणाला, "मिंचोच्या बहिणीला विचारा. वरच्या आळीला राहते. वेलिकाशी अजून बोलत नाही ती. दुकानात वेलिका आली की ही बाहेर जाते."

वेलिका म्हणजे तानास मास्तरांची मुलगी. स्मोल्यानला दातांच्या कवळ्या करायची, निवृत्त होऊन गावात परत आली. या गुत्त्यातल्या तिघांच्याही तोंडातले दात तिने केलेले आहेत, आणि त्याच दातांनी तिच्या बापाला शिव्या चालल्यात! मी हे लाचोला म्हटलं. तो हसला नाही. म्हणाला, "तरी ती त्यांचे दात करते बघ."

मिंचोच्या बहिणीने दार उघडलं नाही. वेलिकाबाईंनी उघडलं.

घर लख्ख. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, हात मोठे, शांत. आम्हाला दोघांना बशीत क्विन्सचा मुरंबा आणि पाणी दिलं. मी सगळं सांगितलं — तीन हवाले, गोल बाण, चौकीचा अहवाल. "मावशी, तुमच्या वडिलांविरुद्ध एक ओळीचाही पुरावा नाही. एकही नाही." मला वाटलं त्या रडतील.

त्या माझ्या वहीकडे बघत होत्या. "हे सगळं तू लिहून ठेवतेस? कोण कधी काय बोललं ते?"

"हो."

"चांगली सवय आहे."

"तुम्हाला काही सांगायचंय? तुमचं नाव न घालताही चालेल."

"मुरंबा संपव," म्हणाल्या.

दारापर्यंत आल्या. लाचोला म्हणाल्या, "तुझा खालचा दात किडतोय, दाखव कोणाला तरी." बस. एवढंच.

बसमध्ये मी कार्ड केलं — "वेलिका पाश्कुलेवा, मुलगी. बोलण्यास नकार." लाचो खांद्यावरून वाचत होता.

"नकार कुठे दिला? गप्प बसली."

"तेच ते."

"तेच नाही गं."

इतकी वर्षं लोकांनी छळलेली बाई, कशी बोलेल? याला माणसं कळतात म्हणे! किडक्या दाताचा!

२९ एप्रिल

लाचोने टिपणं दिली. यासेनित्साची. नीट! तारीख, नाव, वय, कोण कुठे बसलं होतं ते सुद्धा. शेवटी — "वेलिकाबाईंनी 'खोटं आहे' असं एकदाही म्हटलं नाही." खाली दोन रेघा.

मी ते गुलाबी कार्डावर उतरवून घेतलं. मत आहे ते. पुरावा नव्हे.

७ मे

घात झाला. निबंधातलं सगळ्यात सुंदर वाक्य — "अफवेला आई लागत नाही, शेजारी पुरतात" — कुठून आलं ते सापडत नाहीये! पिवळ्या कार्डावर आहे, पण अवतरणचिन्हं नाहीत. पान नंबर नाही. माझं आहे की कोणाचं? माझं असेल तर मी हुशार. कोणाचं असेल तर मी चोर.

कार्डं उलटसुलट केली. निळं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. अक्षर माझं, शाई माझी, वाक्य कोणाचं?

लाचोला फोन. "तुझं असेल," म्हणतो, "तू चिडलीस की असं बोलतेस."

चालेल? नाही चालणार. वाक्य काढलं. जीव तुटला. तीन रंगांची कार्डं करून स्वतःचंच वाक्य ओळखू येत नाही, याला काय म्हणावं!

११ मे, सोमवार

मॅडमनी निबंध वाचला. मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. मला वाटलं, संपलं.

म्हणाल्या, "हे तू एकटीने शोधलंस?" मी म्हटलं, लाचेझारबरोबर, म्हणजे लाचोबरोबर. (का म्हटलं कोण जाणे. पण निळं पुस्तक तर त्यानेच आणलं.)

समासात एकही "कुठून?" नाही. एकही नाही! परिषदेत आम्हीच वाचणार. मॅडम म्हणाल्या, "शेवट मात्र धीट कर. 'पुरावा सापडला नाही' काय? स्वच्छ लिही — तानास पाश्कुलेव्ह निर्दोष होता. वर्तमानपत्रात माझी ओळख आहे, ते छापतील. ज्यांनी चिखल फेकला त्यांनीच तो पुसू दे."

निर्दोष होता. दोन शब्द. लिहिले.

१२ मे

लाचो म्हणतो, दोन्ही वाक्यं वेगळी आहेत. "सापडलं नाही" आणि "नव्हतंच".

हो, माहीत आहे मला! मलाच शिकवतोय, बियांच्या पाकिटावर टिपणं घेणारा! मॅडमना पटलंय, तुला का पटत नाही? तुला सोफियाला जायचं नाही म्हणून?

त्याने टोपी घातली आणि गेला. विसरलेला रुमाल घ्यायला परत आला, घेतला आणि तसाच पुन्हा गेला.

१५ मे

वेलिकाबाईंना निबंधाची प्रत पाठवली. सोबत लिहिलं, बावीसला परिषद आहे, वर्तमानपत्रातही येणार आहे, आपण आलात तर आनंद होईल. येणार नाहीत म्हणा.

लाचोने आज मुकाट्याने सगळ्या तळटिपा तपासल्या. दोन चुका काढल्या. दोन्ही माझ्या.

२२ मे, शुक्रवार

झालं!

सभागृह भरलेलं. मी वाचलं, लाचोने पडद्यावर गोल बाण दाखवले — ग्रोझेव्ह, सोफिया, वर्तमानपत्र, परत ग्रोझेव्ह — आणि लोक हसले, मग हसायचे थांबले. मला तेच हवं होतं. टाळ्या. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढायला विसरल्या. वर्तमानपत्राच्या बाईने सगळा मजकूर मागून घेतला, सोमवारी छापायचा म्हणते. पहिला क्रमांक आमचा! लाचोने मला उचलून गोल फिरवलं, सगळ्यांसमोर. मी ओरडले, पण फार नाही.

आणि शेवटच्या रांगेत वेलिकाबाई! निळा कोट, मानेशी ब्रोच, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. पहाटेच्या बसने आल्या असणार. मी धावत गेले. त्यांनी माझा हात हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला.

"छान वाचलंस," म्हणाल्या. "आज नातलगांकडे राहतेय. उद्या सकाळी स्टँडवर येशील? एकटी ये."

आईला फोन केला. आई रडली. म्हणाली, "त्या बिचारीला आभार मानायचे असतील गं. फुलं घेऊन जा. विषम संख्येत घे, नाहीतर अपशकुन करशील." मी म्हटलं, मला एवढं कळतं!

पिवळे पिओनी घेणार. आज कोणावरही चिडायचं नाही. लाचोवरसुद्धा नाही.

२३ मे

त्यांनी फुलं घेतली, बाकावर ठेवली. म्हणाल्या, "बाबांनीच सांगितलं. मी नऊ वर्षांची होते, त्यांचा हात धरून चौकीपर्यंत गेले होते. दारात उभी होते. ऐकलं."

मी विचारलं, का सांगितलं त्यांनी?

"ते मला माहीत नाही. माहीत नाही ते मी बोलणार नाही. आई गेली, बाबा गेले, कोणाला बोलले नाही. लोक शिव्या द्यायचे, ते ऐकून घेता येत होतं. पण काल तू ते वाचलंस आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारी मिंचोची बहीण पेपर उघडेल. हे मी तिच्या घरात कसं जाऊ देऊ?"

बस लागली. चढताना म्हणाल्या, "माझं नाव घाल. वेलिका तानासोवा पाश्कुलेवा. पूर्ण."

स्टँडवरूनच मॅडमना फोन लावला. म्हटलं, निबंध मागे घ्यायचाय, वर्तमानपत्राला थांबवा. त्याने सांगितलं होतं.

"कोण म्हणतं?" मॅडम ओरडल्या. "कुठून?"

मी नाव सांगितलं. पूर्ण.